नापिकीनंतरचें मन : पंचनाम्यांत न येणारी हानि

धानाचें पीक बुडालें म्हणजे नुकसानीची मोजणी कशी करावी याची रीत सरकारनें घालून दिलेली आहे. तलाठी, कृषि सहायक आणि ग्रामसेवक बांधीवर येतात, गट नंबर पाहतात, पेऱ्याचें क्षेत्र आणि बाधित क्षेत्र लिहितात, आणि नुकसान शेंकडा ३३ हून अधिक भरल्यास नांव मदतीच्या यादींत चढतें. २०१५ पूर्वीं हीच मर्यादा शेंकडा ५० होती. वाहून गेलेलें जनावर, पडलेली भिंत, खरडून गेलेली जमीन, या सर्वांस कागदावर रकाना आहे. ज्याचें तें पीक होतें त्याच्या मनाचें काय झालें, यास मात्र रकाना नाहीं. तो असावा असेंही आमचें म्हणणें नाहीं. रकाना पाडला तरी तो भरावयाचा कोणी, हा प्रश्न उरतोच. परंतु ही हानि कोणत्या जातीची असते, ती आपोआप केव्हां भरून येते, केव्हां भरून येत नाहीं, आणि तिच्यावर गांवांतल्या गांवांत काय इलाज करतां येतो, याविषयीं गेल्या तीस वर्षांत आपल्याच महाराष्ट्रांत व शेजारच्या गोव्यांत पुष्कळ शोधन झालें आहे. तें आमच्या वाचकांपुढें साध्या शब्दांत मांडावें, इतकाच या लेखाचा हेतु.

आपल्या वैनगंगा-बावनथडीच्या पट्ट्यांत एक समजूत दृढ आहे. शेतकऱ्यानें जीव देणें ही कपाशीच्या कोरडवाहू मुलखांतली गोष्ट. आपल्याकडे तलाव आहेत, बोड्या आहेत, घरांत पोटापुरता तांदूळ आहे, तेव्हां तो प्रश्न आपला नव्हे, असें पुष्कळ समंजस लोकही बोलून दाखवितात. सरकारी याद्याही या समजुतीस दुजोरा देतात. २००६ सालचें पंतप्रधानांचें पॅकेज विदर्भांतील सहा जिल्ह्यांस मिळालें : अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा. पुढें २०१५ च्या सुमारास राज्याच्या आरोग्य खात्यानें शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीं 'प्रेरणा प्रकल्प' काढला, तो चौदा जिल्ह्यांत; हेच सहा, आणि मराठवाड्याचे आठ. भंडारा या दोन्ही याद्यांत नव्हता. पण यादींत नांव नसणें म्हणजे घरांत दुःख नसणें नव्हे. २०१७ च्या खरिपांत तुडतुड्यानें उभें धान तणसासारखें वाळविलें, तें आपण विसरलों नाहीं. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर भंडारा शहरांत आणि नदीकांठच्या गांवांत शिरला, तोही डोळ्यांपुढें आहे. त्यांत भर म्हणून नेहमींची ती रड : केंद्रावर धान मोजून दिलें, चुकारे आले नाहींत, आणि इकडे सोसायटीची मुदत भरत आली.

महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आमचीं वर्षें गेलीं, म्हणून मृत्यूनंतर होणाऱ्या चौकशीविषयीं दोन शब्द लिहिण्याचा आम्हांस अधिकार आहे असें आम्ही समजतों. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांस एक लाख रुपये देण्याची रीत २००५-०६ पासून ठरली; त्यांतले ३० हजार धनादेशानें व ७० हजार ठेवीच्या रूपानें. त्यासाठीं मुख्यतः तीन गोष्टी पाहतात. जमीन मयताच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या नांवें होती काय. कर्ज बँकेचें, सहकारी संस्थेचें किंवा परवानाधारक सावकाराचें होतें काय. आणि तें थकून वसुलीचा तगादा लागला होता काय. प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढें जातें आणि त्यावर 'पात्र' किंवा 'अपात्र' असा शेरा पडतो. पैसा वांटावयाचा म्हणजे कांहींतरी कसोटी लागणारच. तिला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पण तिचा एक परिणाम असा होतो कीं, घरचीं माणसें जबाब देतांना कर्जाचें तेवढें सांगतात. रात्र-रात्र झोप नव्हती, जेवण तुटलें होतें, दोन महिने तो कोणाशीं धड बोलत नव्हता, दारू वाढली होती, हें सारें गाळलें जातें; कारण तें सांगितल्यास प्रकरण अपात्र ठरेल अशी धास्ती. फाइल पुरी होते, पण त्या मनुष्याचे शेवटचे महिने कसे गेले तें तींत कोठेंच नसतें. आणि मग आपण सर्वजण 'कर्जापायीं' हा एक शब्द उच्चारून मोकळे होतों.

कर्ज खोटें आहे असा याचा अर्थ कोणीं घेऊं नये. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेंतील श्रीजित मिश्र यांनीं २००६ च्या आरंभीं महाराष्ट्र सरकारास एक अहवाल दिला. वर्धा, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांतील १११ आत्महत्यांची घरोघर जाऊन केलेली ती चौकशी होती. तींत शेंकडा ८७ घरीं कर्ज आढळलें, शेंकडा ७४ घरांची सांपत्तिक स्थिति खालावलेली होती, आणि शेंकडा ४१ घरीं पीक बुडालें होतें. पण त्याच अहवालांत शेंकडा ५५ ठिकाणीं घरांत कलह होता, शेंकडा २८ ठिकाणीं व्यसन होतें, आणि शेंकडा २६ जणांचें वागणें मृत्यूपूर्वीं बदललेलें घरच्यांनीं पाहिलें होतें. हे आंकडे एकत्र मिळविल्यास शंभराच्या फार वर जातात, आणि त्यांतच त्यांचें मर्म आहे : एका घरीं एकच कारण नसतें, चार-पांच कारणें एकमेकांत गुंतलेलीं असतात. कर्ज शेजाऱ्यासही असतें, नापिकी सबंध शिवाराची असते, तरी एकाच घरीं अनर्थ कां होतो? तेथें मनाची स्थिति हा विषय येतो. कर्जमाफी झाली म्हणजे मन बरें होईल असें म्हणणें जितकें अपुरें, तितकेंच मन घट्ट केलें म्हणजे कर्ज हलकें होईल असें म्हणणें अपुरें. दोन्ही ओझीं एकाच खांद्यावर असतात. एक उतरविण्याची सत्ता आपल्या हातीं नसली तरी दुसऱ्यास हात लावतां येतो.

आतां मनाचा आघात म्हणजे काय तें पाहूं. येथें किल्लारीचें उदाहरण घेणें सोयीचें, कारण तेथील आघात एका क्षणाचा आणि सर्वांस सारखा होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपति बोळवून लोक निजले असतांना, पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) या जिल्ह्यांत भूकंप झाला. हजारों माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं गेलीं. ५२ गांवें इतकीं बसलीं कीं तीं नव्या जागीं वसवावीं लागलीं. सुमारें एका महिन्यानें मनोविकारतज्ज्ञांनीं तेथील कांहीं वांचलेल्या लोकांची तपासणी केली, आणि तिचा अहवाल १९९६ सालीं अमेरिकेंतील मनोविकारशास्त्राच्या एका नामांकित मासिकांत छापला गेला. तपासलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक लोकांत मनोविकार आढळला. स्त्रियांत तो अधिक होता, आणि ज्यांचें घर-चीजवस्तु नष्ट झाली त्यांच्यांत अधिक होता. विकार मुख्यतः दोन जातींचे. एकांत तो प्रसंग पुन्हां पुन्हां डोळ्यांपुढें उभा राहतो, बारीक आवाजानें मनुष्य दचकतो, छपराखालीं निजावयास भितो, त्या जागेकडे फिरकत नाहीं. दुसरा औदासीन्याचा. त्यांत भीति दिसत नाहीं. मनुष्य विझल्यासारखा होतो. कशांतच गोडी राहत नाहीं, पहाटे दोन-तीन वाजतां जाग येते ती येतेच, अन्न नको होतें, आणि 'माझ्यामुळेंच घर बुडालें' असा ध्यास लागतो. पुरानंतर पहिला प्रकार दिसूं शकतो. नापिकीनंतर आपल्याकडे सांभाळावयाचा तो बहुधा दुसरा, आणि तो दुसरा फसवा असतो, कारण त्यास लोक आळस समजतात.

महिन्याभरानें निम्मे आजारी निघाले, म्हणून निम्मे जन्मभर आजारी राहतात असें मात्र नाहीं. जगभरच्या शोधनाचा निष्कर्ष असा आहे कीं, मोठ्या आपत्तीनंतर बहुतेक माणसांस त्रास होतो आणि त्यांतलीं बहुतेक काळानें सावरतात. रोवणी केलेल्या आमच्या वाचकांस हें समजावून सांगावयास नको. परहे उपटून बांधींत रोवले कीं पहिले कांहीं दिवस पिवळे पडतात, माना टाकतात. नवखा मनुष्य घाबरतो, जाणता घाबरत नाहीं. मूळ धरलें कीं रोप आपणच हिरवें होतें. पण पंधरवडा लोटला, शेजारची बांधी हिरवी झाली, आणि एखादा कोपरा पिवळाच राहिला, तर जाणता मनुष्य वाट पाहत बसत नाहीं. रोप उपटून मुळाशीं काय आहे तें पाहतो. मनाच्या बाबतींत शास्त्रानें मुदती अशाच घातल्या आहेत. औदासीन्याचीं लक्षणें दोन आठवडे जवळजवळ रोज टिकलीं, अथवा आपत्तीची धडकी एक महिन्यापुढेंही तशीच राहिली, तर तो आजार समजावा. जीव देण्याची भाषा निघाली तर मात्र मुदत मोजूं नये. तेथें त्याच दिवशीं हालचाल पाहिजे.

किल्लारीनें दुसरेंही शिकविलें, आणि तें वैद्यकाच्या पुस्तकांतलें नव्हे. नवीं गांवठाणें आंखतांना रस्ते रुंद आणि घरें सुटीं ठेवलीं; भूकंपाच्या दृष्टीनें तें योग्यच होतें. पण जुन्या गल्लींतला शेजार मोडला, ही तक्रार पुढें वर्षानुवर्षें ऐकूं येत राहिली. उलट, ज्या गांवांत घरें जागच्या जागीं दुरुस्त करावयाचीं होतीं, तेथें 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या द्वारें गांवच्याच स्त्रियांना 'संवाद सहायक' नेमलें. सरकारची मदत घराघरास समजावून देणें, इंजिनियर आणि घरवाला यांत दुवा होणें, बांधकाम नीट होतें कीं नाहीं तें पाहणें, हें काम शेंकडों गांवांतल्या बायकांनीं केलें, आणि त्यांतून पुढें त्यांचे बचत गट उभे राहिले. नुकसान सोसलेल्या माणसास केवळ मदत घेणारा न ठेवतां कामांत भागीदार केलें तर तो लवकर उभा राहतो, असें आमचें मत या उदाहरणावरून झालें आहे. पूर ओसरल्यावर गांवाची यादी करावयाची असेल, बियाणें वांटावयाचें असेल, तर ज्याचें गेलें आहे त्यालाच त्या कामांत घ्यावें. बिचारा दुःखांत आहे म्हणून त्याला खाटेवर बसवून ठेवूं नये.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. आपत्ति झाली कीं भेटावयास येणारा प्रत्येकजण 'कसें झालें, सांगा' म्हणून तोच पाढा पुन्हां वाचावयास लावतो. एके काळीं शहाण्या लोकांसही वाटे कीं सर्व हकीकत एकदां तपशीलवार बोलवून घेतली कीं मन मोकळें होतें. पुढें तपासणी झाली तेव्हां अशा जबरीच्या एका बैठकीनें लाभ होत नाहीं असें दिसलें, आणि जागतिक आरोग्य संघटना ती करूं नका असेंच सांगते. तिनें २०११ सालीं मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली तिचें सार तीन क्रियांत आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. कोणास तांतडीची गरज आहे तें पाहावें. तो आपण होऊन बोलेल तें मधें न तोडतां ऐकावें. आणि अन्न, निवारा, दाखले, दवाखाना, नातेवाईक, यांपैकीं ज्याची वाण असेल त्याशीं त्याला जोडून द्यावें. मयताच्या घरीं बसावयास जाण्याची आपली जुनी रीत पुष्कळशी अशीच आहे. तिच्यांतली चौकशी वजा केली आणि दोन कामें अंगावर घेतलीं कीं ती उत्तम प्रथमोपचार होते.

आतां विदर्भांतल्या प्रयोगाकडे वळूं. अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत 'विश्राम' या नांवाचा एक उपक्रम चालला. गोव्यांत १९९६ सालीं स्थापन झालेली 'संगाथ' ही संस्था, आणि डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल प्रभृति मंडळी त्यामागें होती. त्यांनीं गांवांत मोठ्या पदवीचा डॉक्टर आणून बसविला नाहीं. गांवांतलेच कार्यकर्ते निवडले, त्यांना शिकवून तयार केलें. त्यांनीं चावडीवर, बचत गटांत, देवळापुढें बसून ताण आणि औदासीन्य या विषयीं बोलावयाचें, त्रास असलेल्या माणसास धीर देऊन समुपदेशकाकडे पोंचवावयाचें. समुपदेशक हाही स्थानिकच, शिकविलेला. ज्याचें दुखणें त्याच्याही आटोक्याबाहेरचें त्यालाच तेवढें मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावयाचें. आरंभीं पाहणी केली आणि अठरा महिन्यांनीं पुन्हां केली. औदासीन्य असलेल्या लोकांपैकीं ज्यांनीं त्यावर कोठेंतरी मदत घेतली असे पूर्वीं शंभरांत ४ च होते, ते नंतर २७ झाले. औदासीन्याचें प्रमाण शेंकडा १४.६ वरून ११.३ वर आलें, आणि मागील वर्षांत जीव देण्याचा विचार मनांत आलेले लोक शेंकडा ५.२ होते ते २.५ झाले. २०१७ सालीं हे आंकडे प्रसिद्ध झाले.

या आंकड्यांवर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवीत नाहीं. उपक्रम नसलेलीं गांवें तुलनेस घेतलेलीं नव्हतीं. तेव्हां औदासीन्य घटलें तें सर्व उपक्रमामुळेंच, असें ठाम म्हणतां येणार नाहीं. एखादें बरें साल गेलें तरी आंकडा उतरतो. पण चाराचे सत्तावीस झाले हें साल बरें गेल्यानें होत नाहीं. आमच्या मतें त्या पाहणींतला मोलाचा आंकडा तोच पहिला, चाराचा : उपक्रमापूर्वीं शंभर आजाऱ्यांतले शहाण्णव कोणाकडेच गेले नव्हते. बैल लंगडला तर आपण त्याच दिवशीं गुरांचा डॉक्टर गांठतों.

न जाण्याचें कारण केवळ पैसा नव्हे. मनाचा डॉक्टर म्हटला कीं आपल्याकडे नागपूरचें मनोरुग्णालय डोळ्यांपुढें येतें. १८६४ सालीं तें स्थापन झालें, आणि त्याचें गांवठी नांव अजून 'पागलखाना' असेंच आहे. ज्याला नुसती झोप लागत नाहीं तो तेथें कशास जाईल? आणि गेला तर पोरीच्या सोयरिकीस अडथळा येईल ही भीति. औदासीन्य हा वेडाचा प्रकार नव्हे, तो ताप-खोकल्यासारखा सर्रास होणारा आजार आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांस कोणत्याही इस्पितळांत राहावें लागत नाहीं, हें चारचौघांत बोललें गेल्याविना ही भीति जाणार नाहीं.

उपचार चालतो कसा, हें गोव्यांतील प्रयोगावरून चांगलें कळतें. तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत औदासीन्यानें गांजलेले सुमारें ५०० रोगी घेतले. निम्म्यांस केंद्राचा नेहमींचा उपचार. उरलेल्या निम्म्यांस त्याखेरीज एका समुपदेशकाबरोबर सहा ते आठ बैठका, दर बैठक अर्धा-पाऊण तास. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते. सामान्य शिकलेले, थोडक्या आठवड्यांत तयार केलेले लोक. तीन महिन्यांनीं पाहतां नेहमींच्या उपचारानें शंभरांत ३९ बरे झाले होते, आणि बैठका घेतलेल्यांत ६४. येथें तुलना होती, चिठ्ठ्या टाकून केलेली, म्हणून हा आंकडा अधिक भरंवशाचा.

त्या बैठकींत उपदेश नसतो, हें विशेष. आपण लोक उदास मनुष्यास 'मन घट्ट कर', 'बायकापोरांकडे पाहा' असें सांगतों; तो बिचारा आधींच त्यांच्याकडे पाहूनच खचलेला असतो. समुपदेशकाची रीत उलटी आहे. मन बरें झालें कीं काम करीन, असें रोगी म्हणतो. समुपदेशक म्हणतो, काम थोडें थोडें सुरू कर, मन मागून येईल. औदासीन्यांत मनुष्य एकेक गोष्ट सोडीत जातो : प्रथम भजनास जाणें, मग बाजार, मग बांधावरची फेरी, मग आंघोळ. सोडल्यानें तेवढा वेळ बरें वाटतें, पण मन आणखी खालीं जातें. ही गांठ उलट सोडवावयाची. पहिल्या आठवड्यांत फक्त एवढेंच कीं सकाळीं उठून बांधीचें पाणी पाहून यावें. दुसऱ्या आठवड्यांत गांवांत ज्याशीं पटतें अशा एकाकडे जाऊन चहा घ्यावा. जें ठरलें तें झालें कीं नाहीं हें पुढच्या बैठकींत पाहावयाचें. न झाल्यास रागें न भरतां त्याहून लहान काम ठरवावयाचें. आणि ज्या अडचणींवर खरोखर तोड आहे, उदाहरणार्थ कर्जाचें पुनर्गठन, फेरफार नोंद, पीकविम्याचा अर्ज, त्यांचे एकेक टप्पे पाडावयाचे. आमचा वाचक म्हणेल, यांत शास्त्र तें काय? शास्त्र एवढेंच कीं हें मोजून पाहिलें आणि उपयोगी ठरलें.

आजार ओळखण्यासाठींही साधें साधन आहे. नऊ प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत गोडी नाहींशी झाली काय, मन खिन्न होतें काय, झोप, थकवा, भूक, स्वतःविषयीं हीनता, लक्ष न लागणें, बोलण्या-चालण्यांत मंदपणा किंवा तगमग, आणि मरणाचा विचार. प्रत्येकास शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा अधिक भरल्यास दाखवून घ्यावें. मातीच्या नमुन्याप्रमाणें हें आहे. नमुना निदान करीत नाहीं, पण कोठें खणावें तें सांगतो. नवव्या प्रश्नास लोक कचरतात. मरणाचें विचारलें तर त्याच्या डोक्यांत नसलेलें भरेल, अशी समजूत आहे. ती चुकीची असल्याचें अनेक ठिकाणच्या तपासणींत दिसलें आहे. नीट, शांतपणें आणि एकांतांत विचारल्यानें मनुष्यास बहुधा हलकें वाटतें. विचारण्याची रीत मात्र हवी. 'भाऊ, इतका त्रास होतो, तर कधीं जगूं नये असें वाटतें काय?' असें सरळ विचारावें. 'तसलें कांहीं मनांत नाहीं ना?' असें विचारलें कीं तो 'नाहीं' म्हणून मोकळा होतो. होय म्हणाला, तर त्याला एकटें सोडूं नये, आणि घरांतलीं फवारणीचीं औषधें त्याच दिवशीं दुसऱ्याच्या घरीं हलवावीं.

ही शेवटची सूचना किरकोळ नव्हे. मरणाची ऊर्मि पुष्कळ वेळां थोड्या वेळाची असते. ती ओसरेपर्यंत विष हातीं न लागलें तर मनुष्य वांचतो, आणि असे वांचलेले बहुतेक लोक पुढें जगतात. श्रीलंकेंत १९९५ पासून अतिजहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानें बंदी घातली, आणि २०१५ पर्यंत तेथील आत्महत्यांचें प्रमाण शेंकडा ७० च्या आसपास उतरलें. त्याच देशांत घरोघर कुलुपाच्या पेट्या वांटून पाहिल्या, १८० गांवांत. २०१७ सालीं निकाल आला कीं पेट्यांनीं फरक पडला नाहीं. किल्ली घरांतच असते. म्हणून औषध घरीं सांठवूं नये, लागेल तेवढेंच आणावें, तुडतुडा दिसण्याआधींच आठ-आठ बाटल्या उधारीनें उचलूं नयेत. यांत पैशाचीही बचत आहे.

मोहाच्या दारूविषयीं आम्ही लांबण लावीत नाहीं. झोप यावी म्हणून घेतलेली दारू झोप तोडते आणि औदासीन्य वाढविते. रागाच्या भरांत हात आवरण्याची शक्ति प्रथम तीच नेते.

स्त्रियांचें मात्र वेगळें सांगितलें पाहिजे. किल्लारीस विकार स्त्रियांत अधिक दिसला, आणि औदासीन्य जगांत सर्वत्रच पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक आढळतें. तरीही शेतकऱ्यांच्या मनाची चर्चा निघाली कीं सभेंत सर्व टोप्या आणि फेटे. नवरा गेल्यावर सातबारा कोणाच्या नांवें होणार, दीर-सासरा काय म्हणतील, पोरांची शाळा कशी चालणार, हें जिच्या डोक्यावर पडतें तिला भेटावयास गांवांतली आशा ताई जाऊं शकते, तशी सोसायटीचा संचालक जाऊं शकत नाहीं. म्हणून या कामांत निदान अर्ध्या स्त्रिया असाव्यात.

कायद्याची भीतिही आतां बाळगण्याचें कारण उरलें नाहीं. दंडसंहितेचें कलम ३०९ जुन्या लोकांस ठाऊक आहे; जीव देण्याचा प्रयत्न केला तर शिक्षा. त्याच्या धाकानें कित्येक घरें रोग्यास सरकारी दवाखान्यांत नेत नसत, किंवा खोटें कारण सांगत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नें ठरविलें कीं असा मनुष्य भारी ताणाखालीं होता असें गृहीत धरावें, त्यावर खटला करूं नये, आणि त्याची काळजी घेणें हें सरकारचें कर्तव्य समजावें. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तींत तें जुनें कलम सरसकट ठेवलेंच नाहीं. सरकारी नोकरास कर्तव्यापासून अडविण्यासाठीं केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. तेव्हां डॉक्टरास खरें तें सांगावें.

आपल्या संस्थेनें काय करावें? आमची सूचना लहान आहे. दर गांवीं दोन माणसें, एक पुरुष व एक स्त्री, गांवानें मानलेलीं आणि पोटांत गोष्ट ठेवणारीं, निवडून त्यांस नऊ प्रश्न आणि ऐकण्याची रीत शिकवून घ्यावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हा १९९६ पासून देशांत टप्प्याटप्प्यानें चालू झालेला आहे. जिल्हा सामान्य रुग्णालयामार्फत त्या लोकांस शिकविण्याची मागणी संस्थेच्या शिक्क्यानिशीं करावी. धान चुरून झाल्यापासून उन्हाळी धानाच्या रोवणीपर्यंत मध्यें जे दिवस मिळतात ते या शिक्षणास पुरे आहेत. दुसरें, थकबाकीची नोटीस पाठविण्यापूर्वीं सोसायटीनें त्या सभासदास एकदां खाजगींत बोलावून त्याची स्थिति ऐकून घ्यावी. चारचौघांत दारावर उभें राहून नांव पुकारूं नये. वसुली सोडावी असें आम्ही म्हणत नाहीं; उभी हयात वसुलीच्या कागदांत गेल्यावर तसें म्हणणें आम्हांस शोभणारही नाहीं. पण पैसा मागण्याच्या दहा रीती आहेत, आणि त्यांतल्या कांहीं मनुष्यास माणसांतून उठवितात.

ज्यास प्रत्यक्ष बोलण्याचा संकोच वाटतो त्यासाठीं 'टेलि-मानस' ही दूरध्वनि सेवा केंद्र सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६. रात्रंदिवस चालते, पैसे पडत नाहींत, मराठींत बोलतां येतें. डॉक्टरानें औदासीन्यावरचें औषध दिल्यास त्याचा गुण यावयास दोन ते चार आठवडे लागतात, तोंवर तें सोडूं नये. आणि बरें वाटूं लागल्यावरही डॉक्टरास विचारल्याविना बंद करूं नये. क्रमांकाचा कागद धान खरेदी केंद्राच्या कांट्यापाशीं, सोसायटीच्या फळ्यावर आणि कृषि केंद्राच्या गल्ल्यापाशीं लावावा. कारण चिंतेंतला मनुष्य दवाखान्यांत जाईलच असें नाहीं, पण या तीन जागीं त्याला जावेंच लागतें.